फ्रिजचा रिले आणि ओव्हरलोड: टक आवाज कोणाचा आणि बिघडलंय कोण

जुना सिंगल डोअर फ्रिज, पंधरा-वीस वर्षांचा, मागून घूं असा आवाज करतो, दहा-पंधरा सेकंदांत टक होतं आणि सगळं गप्प, मग दोन-तीन मिनिटांनी परत घूं आणि परत टक. हे खूप घरांत होतं. त्यावर जी उत्तरं मिळतात ती पण ठरलेली असतात, एक जण सांगतो गॅस संपलाय, दुसरा सांगतो कॉम्प्रेसर गेला, आणि तिसरा सांगतो की एवढ्या जुन्या मॉडेलला आता पार्टच येत नाही, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. मला या तिसऱ्या उत्तराचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण बहुतेक वेळा अडलेलं असतं ते काहीशे रुपयांच्या आतल्या एका पार्टवर, आणि तो पार्ट मिळत नाही याचं निम्मं कारण हे असतं की आपण नक्की काय मागतोय हेच नीट सांगितलं जात नाही.

गॅसचं आधी संपवतो. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर चालूच राहतो, बंदच होत नाही, पण आत थंड होत नाही. इथे तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीये. जो सुरूच होत नाही त्याला गॅस भरून काय होणार? त्यामुळे घूं-टक ऐकून कुणी थेट गॅस चार्जिंगचा आकडा सांगितला तर थांबा, आधी मागचं छोटं काळं झाकण काढून बघायला सांगा.

त्या झाकणाखाली कॉम्प्रेसरच्या अंगावर दोन वस्तू असतात, रिले आणि ओव्हरलोड. दोन्ही काळ्या, दोन्ही लहान, दोन्ही अगदी शेजारी, दुकानात बऱ्याचदा एकाच पाकिटात सेट म्हणून मिळतात, आणि म्हणून लोक (आणि खरं सांगायचं तर काही मेकॅनिक पण) दोघांना एकच समजून बोलतात, "रिले उडाला" म्हणतात आणि हात ओव्हरलोडकडे दाखवतात. कामं मात्र एकदम उलटी आहेत. रिले कॉम्प्रेसरला सुरू करून देतो. ओव्हरलोड त्याला जळण्याआधी बंद करतो.

आता जरा आत जाऊया. कॉम्प्रेसरमधल्या मोटरला दोन वाइंडिंग (तारेची गुंडाळी) असतात, एक रनिंगचं आणि एक स्टार्टिंगचं, आणि बाहेर तीन पिना येतात, कॉमन, स्टार्ट, रन. नुसत्या रनिंग वाइंडिंगवर मोटर उठत नाही, घूं करत जागेवर अडून राहते. तिला उठवायला स्टार्टिंग वाइंडिंगला थोडा वेळच, साधारण सेकंदभर, सप्लाय द्यावा लागतो आणि मग काढून घ्यावा लागतो, कारण ते वाइंडिंग बारीक तारेचं असतं, सतत चालू राहिलं तर जळतं. हे द्यायचं आणि काढायचं काम रिलेचं, म्हणून तो स्टार्ट आणि रन या दोन पिनांवर बसतो.

रिले दोन जातीचे येतात आणि पार्ट शोधतानाची अर्धी डोकेदुखी इथेच आहे. जुन्या फ्रिजमध्ये कॉइलवाला असतो, त्याची कॉइल रनिंग वाइंडिंगच्या लाइनमध्येच असते, सुरुवातीला मोटर भरपूर करंट ओढते (चालू झाल्यावर एक अँपिअरच्या आसपास ओढणारी मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते), त्या करंटने कॉइल आतला प्लंजर (लहान लोखंडी दांडा) वर खेचते, स्टार्टचा कॉन्टॅक्ट जोडला जातो, मोटरने वेग घेतला की करंट उतरतो आणि प्लंजर स्वतःच्या वजनाने खाली पडतो. वजनाने पडतो म्हणूनच हा रिले सरळ उभाच बसवावा लागतो, तिरका किंवा उलटा बसवला की संपलं. दुसरा पीटीसी रिले, त्यात हलणारं काहीच नाही, आत एक सिरॅमिकची गोळी असते, थंड असताना तिच्यातून करंट सहज जातो, करंट गेला की ती चटकन तापते आणि तापली की तिचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) इतका वाढतो की स्टार्टिंग वाइंडिंग जवळजवळ तुटल्यासारखंच होतं.

पीटीसीचा एक स्वभाव लक्षात ठेवा: ती गोळी परत थंड व्हायला काही मिनिटं लागतात. लाइट गेली आणि लगेच आली तर गोळी अजून गरम असते, मोटरला स्टार्ट मिळत नाही, घूं होतं आणि ओव्हरलोड पडतो. हे बिघाडाचं लक्षण नाही! पाच मिनिटं थांबा, आपोआप सुरू होईल. आपल्याकडे गावाकडे लाइट अशी ये-जा करते की या एका कारणाने किती चांगले रिले बदलले गेले असतील याचा विचार केला की वाईट वाटतं. टाइम डिले असलेला, म्हणजे लाइट आल्यावर थोडा वेळ थांबून मग सप्लाय देणारा स्टॅबिलायझर यासाठीच असतो.

ओव्हरलोड कॉमन पिनेच्या लाइनमध्ये असतो, म्हणजे कॉम्प्रेसरला जाणारा सगळा करंट त्याच्यातून जातो. आत बायमेटलची (दोन धातू चिकटवलेली) एक चकती असते, करंट जास्त झाला किंवा कॉम्प्रेसरचं अंग जास्त तापलं की चकती टक करून उलटी वळते आणि सप्लाय तोडते, थंड झाली की परत टक करून जोडते. अंगाची उष्णता कळावी म्हणून तो कॉम्प्रेसरला चिकटून, स्प्रिंगच्या क्लिपने दाबून बसवलेला असतो. ती क्लिप ढिली झाली किंवा कुणी ओव्हरलोड वायरवर लोंबकळत सोडून दिला, तर त्याला करंट कळतो पण ताप कळत नाही, अर्धी राखण गेली.

म्हणजे जो टक ऐकू येतो तो ओव्हरलोडचा असतो, आणि तो टक करतोय याचा अर्थ बहुतेक वेळा तो ठीक आहे, त्याचं काम करतोय. मोटर उठत नाही, करंट चढलेलाच राहतो, म्हणून तो तोडतो. आवाज करणाऱ्यावर संशय जातो आणि तोच बदलला जातो, आणि नवीन ओव्हरलोड पण दहा सेकंदांत टक करतो, मग पुढचा निष्कर्ष निघतो की कॉम्प्रेसर गेला, आणि फ्रिज भंगारात. रिले तपासलाच नाही कुणी.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. प्लग आधी काढायचा, बोर्डचं बटण बंद केलं एवढ्यावर भागवायचं नाही. शेजारी कपॅसिटर (वीज साठवणारा डबा) असेल तर तो डिस्चार्ज झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि काढण्याआधी वायरिंगचा फोटो काढायचा. ओव्हरलोड थंड असताना दोन टोकांत जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवा, थंड होऊनही ओपन, म्हणजे वाट तुटलेली, दाखवत असेल तरच तो गेलाय. अशा वेळी लक्षण पण वेगळं असतं, घूं पण नाही आणि टक पण नाही, नुसती शांतता (थर्मोस्टॅट गेला तरी असंच होतं, तो पण बघावा लागतो). पीटीसी थंड असताना स्टार्ट आणि रनच्या भोकांमध्ये काही ओहम ते फार तर चाळीस-पन्नास ओहम दाखवतो. ओपन दाखवला किंवा कानाशी धरून हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं, तर गोळी फुटली. कॉइलवाला असेल तर कॉइल शून्याजवळ, आणि सरळ धरल्यावर स्टार्टचा कॉन्टॅक्ट उघडा, उलटा धरल्यावर जोडलेला.

आणखी एक फरक. घूं होऊन दहा-पंधरा सेकंदांत टक, म्हणजे मोटर उठतच नाहीये. पण मोटर नीट सुरू होऊन काही मिनिटं चालून मग टक होत असेल तर गोष्ट वेगळी, कंडेन्सरची जाळी भिंतीला चिकटलेली, धुळीने भरलेली, किंवा रिले स्टार्टिंग वाइंडिंग सोडत नाहीये. आणि व्होल्टेज! मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, २३० च्या जागी १६० व्होल्ट मिळाले तर उठायची ताकद निम्म्याच्याही किंचित खाली येते. संध्याकाळीच फ्रिज टकटक करतो आणि पहाटे बरा चालतो, असं असेल तर पार्ट शोधत फिरण्याआधी सॉकेटमधलं व्होल्टेज मोजा.

आता दुकान. दुकानात गेलं की विचारतात कंपनी कुठली, मॉडेल कुठलं. केल्व्हिनेटर, ऑलविन, व्होल्टास, जुने गोदरेज (गोदरेजने १९५८ मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली, त्यामुळे किती पिढ्यांची मॉडेलं बाहेर आहेत विचार करा), व्हिडिओकॉन, यातलं नाव सांगितलं की मान नकारार्थी हलते. मावशीच्या फ्रिजसाठी मी फिरलो तेव्हा एका सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेसरचं लेबल न बघताच "बंद झालं मॉडेल" म्हणून फोन ठेवला. पण रिले आणि ओव्हरलोड फ्रिजच्या मॉडेलचे नसतातच, ते कॉम्प्रेसरचे असतात. एकाच फ्रिज मॉडेलमध्ये वेगवेगळ्या काळात वेगळे कॉम्प्रेसर बसलेले असू शकतात, आणि एकच कॉम्प्रेसर चार ब्रँडच्या फ्रिजमध्ये. कराडच्या किर्लोस्कर कोपलँडचे किंवा टेकमसेचे कॉम्प्रेसर कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या फ्रिजमागे सापडतात. त्यामुळे फ्रिजचं नाव विसरा, मागे वाकून कॉम्प्रेसरवरच्या पट्टीचा फोटो घ्या: कॉम्प्रेसरचा मॉडेल नंबर, एचपी (१/८, १/६ वगैरे), गॅस कुठला ते. जुना रिले आणि ओव्हरलोड पण बरोबर न्या, त्यांच्या अंगावर बारीक नंबर छापलेला असतो. आणि टीव्ही-मिक्सरच्या स्पेअरवाल्याकडे न जाता फ्रिज-एसीच्या स्पेअरवाल्याकडे जा, तो कॉम्प्रेसरच्या भाषेत बोलतो.

नेमका पार्ट नाही मिळाला तर पर्यायी चालेल का, इथे या दोन वस्तूंची वाट पूर्ण वेगळी होते आणि माझ्या मते हीच या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट आहे. रिलेच्या बाबतीत थोडी सवलत आहे. कॉइलवाला रिले कॉम्प्रेसरच्या करंटप्रमाणे बनवलेला असतो, दुसऱ्या एचपीचा लावला तर एक तर प्लंजर उचललाच जात नाही, नाहीतर पडत नाही आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं, म्हणून "दिसायला सेम आहे" म्हणून कॉइलवाला घेऊ नका. पण त्याच्या जागी त्या एचपीला चालणारा पीटीसी घरगुती फ्रिजमध्ये बऱ्याचदा छान चालतो, फक्त वर सांगितलेला थांबायचा नियम तेव्हापासून लागू होतो. कॉम्प्रेसरशेजारी स्टार्ट कपॅसिटरचा काळा डबा असेल, किंवा तो बॉटल कूलर, डीप फ्रीझर असेल, तर मात्र हा बदल स्वतःच्या डोक्याने करू नका. पिनांचा क्रम पण सगळ्या कॉम्प्रेसरचा सारखा नसतो, मोजून घ्यायचा: ज्या दोन पिनांमध्ये सगळ्यात जास्त ओहम येतात त्या स्टार्ट आणि रन, उरलेली कॉमन, आणि कॉमनपासून जिला जास्त ओहम ती स्टार्ट.

ओव्हरलोडला अशी सवलत नाही. १/८ एचपीच्या कॉम्प्रेसरला १/४ चा ओव्हरलोड लावला तर फ्रिज चालेल, छान चालेल, टकटक पण बंद होईल, आणि ज्या दिवशी मोटर अडकेल त्या दिवशी तो वेळेत तोडणार नाही. ओव्हरलोड काढून वायर डायरेक्ट जोडणं हे तर सरळ आगीला बोलावणं आहे, चोवीस तास चालणारी वस्तू आहे ती आणि रात्री आपण शेजारच्या खोलीत झोपलेले असतो. कुणी "तात्पुरतं डायरेक्ट करून देतो" म्हणालं तर नाही म्हणा, दोन दिवस दूध शेजाऱ्यांकडे ठेवा. बऱ्याच नवीन फ्रिजमध्ये आर-६०० ए हा पेट घेणारा गॅस असतो, तिथे तर उघड्या ठिणगीचा कॉइलवाला रिले बसवायचाच नाही, कंपनीने दिलेलाच प्रकार लावायचा.

कायद्याच्या बाजूने थोडं काही होतंय. युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासून फ्रिजचे थर्मोस्टॅट, सेन्सर, सर्किट बोर्ड शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान ७ वर्षं आणि दाराचं गॅस्केट १० वर्षं मिळत राहिलं पाहिजे असा नियम आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. पण वीस वर्षांच्या फ्रिजला ७ वर्षांचा नियम पुरत नाही, आणि माझी मागणी तर याहून साधी आहे: कॉम्प्रेसरच्या पट्टीवरच रिले आणि ओव्हरलोडचा नंबर आणि करंट छापा. पार्ट बनवणं बंद झालं तरी त्या आकड्यांवरून कुठलाही चांगला मेकॅनिक जुळणारा पार्ट शोधू शकेल, आणि या छपाईला कंपनीचा खर्च जवळपास काहीच नाही.

रिले नवीन, ओव्हरलोड बरोबर, व्होल्टेज २२० च्या वर, तीनही पिनांमधले ओहम बरोबर आणि कुठल्याही पिनेतून बॉडीला काही दाखवत नाही, आणि तरीही घूं-टक चालूच, तर मग कॉम्प्रेसर आतून जाम आहे असं मानायला हरकत नाही. तेव्हा कॉम्प्रेसर आणि गॅसचा खर्च विचारून काय ते ठरवा, आणि फ्रिज गेलाच तर चालू असलेला ओव्हरलोड आणि रिले काढून, त्यावर कॉम्प्रेसरचा नंबर लिहून, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला द्या. त्याच कॉम्प्रेसरचा दुसरा फ्रिज त्याच्या गिऱ्हाइकांत नक्की कुठेतरी असेल.