लढाऊ विमान-सिम्युलेशनमधील ऐतिहासिक रंगयोजना

हवाई युद्धाच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान उडवण्याचा हुबेहूब अनुभव देणाऱ्या संगणक-खेळात, विमानाच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर जे रंग आणि चिन्हे चढवली जातात, ती प्रत्यक्षातल्या एखाद्या विमानावरून घेतलेली असतील तर त्यांना ऐतिहासिक रंगयोजना म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात ती 'स्किन' असते. 'डीसीएस वर्ल्ड' खेळणारे 'लिव्हरी' म्हणतात. मुळात ही विमानाचा पृष्ठभाग उलगडून सपाट मांडलेली एक चित्रफाइल. २००१ साली आलेल्या 'इल-२ श्टुर्मोविक' या सिम्युलेटरमध्ये ती १०२४ बाय १०२४ पिक्सेलची आणि अवघ्या २५६ रंगांची असे. ती रंगवून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की काम झाले. या सोयीमुळेच स्किन रंगवणाऱ्या हौशी मंडळींची एक पिढी तयार झाली, आणि अभ्यासाच्या बाबतीत तिच्यातले कित्येक जण खेळ बनवणाऱ्यांनाही मागे टाकतात.

चांगली स्किन 'मेसरश्मिट १०९' या जर्मन लढाऊ विमानाच्या सबंध प्रकाराची नसते. ती एका विशिष्ट विमानाची, एका विशिष्ट काळातली असते. उत्तर आफ्रिकेत लढलेला जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्साय याचे 'पिवळा १४' हे विमान जवळपास प्रत्येक सिम्युलेटरमध्ये सापडते. पण या क्रमांकाची विमाने एकाहून अधिक होती आणि पाडलेल्या विमानांची नोंद करणाऱ्या सुकाणूवरच्या खुणा १९४२ मध्ये वाढत गेल्या. त्या किती काढायच्या हे ठरवले की तारीख आपोआप ठरते. अमेरिकी विमानांची तारीख राष्ट्रचिन्ह, म्हणजे निळ्या वर्तुळातला पांढरा तारा, सांगते. ताऱ्यामधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला गेला, जून १९४३ मध्ये दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आणि भोवती लाल कड आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती कड निळी झाली. १९४४ च्या मोहिमेत लाल कडेचे विमान दिसले तर जाणकाराला ते लगेच खटकते. जून १९४४ मधल्या, फ्रान्समधील नॉर्मंडीच्या चढाईसाठी मारलेले काळे-पांढरे पट्टे हाही असाच पुरावा. एक इंजिनाच्या विमानांवर ते प्रत्येकी १८ इंच रुंद असावेत असा आदेश होता, पण घाईघाईत ब्रशने मारलेले पट्टे अनेकदा वेडेवाकडेच आले. स्किनमध्ये मात्र ते बहुधा पट्टीने आखल्यासारखे सरळ असतात, आणि नेमके तिथेच ते खोटे वाटतात.

खरी अडचण रंगछटांची. पुरावा बहुतेक कृष्णधवल छायाचित्रांचा, आणि तो फसवा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे अशा छायाचित्रात लाल भाग काळा पडतो, ब्रिटिश वर्तुळचिन्हाभोवतीचे पिवळे कडे गडद उमटते आणि निळा उजळ दिसतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी रंगांचे अधिकृत नमुने तरी उपलब्ध आहेत. युद्धाच्या अखेरीस आलेल्या जर्मन ८१, ८२, ८३ या रंगांचे नमुनापत्रक जर्मन हवाई मंत्रालयाने काढलेच नाही. ८१ ला एका कारखान्याची कागदपत्रे तपकिरी-जांभळा म्हणतात, तर दुसऱ्याची ऑलिव्ह-तपकिरी. त्यामुळे १९४५ च्या 'फॉके-वुल्फ १९०' या जर्मन लढाऊ विमानाची कोणतीही स्किन म्हणजे काही अंशी अंदाजच. वाईट एवढेच, की पडद्यावर अंदाज आणि पुरावा अगदी सारखे दिसतात. आपली स्किन कोणत्या छायाचित्रावर बेतली आणि कुठला भाग कल्पनेने भरला, हे सोबतच्या मजकुरात जे लिहितात ते म्हणूनच अधिक विश्वासार्ह.

नमुन्यावरचा रंग जसाच्या तसा फाइलमध्ये भरूनही भागत नाही. छोटी प्लास्टिक प्रतिकृती रंगवणारे काही जण दुरून पाहिल्याचा भास व्हावा म्हणून रंग थोडा फिकट करतात. सिम्युलेटर हवेतले धुके आणि अंतर स्वतःच हिशेबात धरतो, म्हणून इथे तसे केल्यास विमान दुप्पट फिकट दिसते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि धातूपणा यांसाठी आता वेगळे थर असतात. १९४४ पासून अनेक अमेरिकी 'मस्टँग' विमाने रंगाविना उघड्या ॲल्युमिनियममध्ये आली. ती पटण्याजोगी दिसू लागली ती या थरांमुळे. त्याआधी करडा रंग आणि त्यावर हाताने काढलेली चमक एवढ्यावरच भागवावे लागे. झीज दाखवण्याचा मोह मात्र आजही आवरत नाही. आघाडीवरची विमाने कित्येकदा काही आठवड्यांतच नष्ट होत, तरी स्किनमध्ये ती वर्षानुवर्षे उन्हात पडून असल्यासारखी पोपडे सुटलेली दिसतात.

जर्मन विमानांच्या शेपटीवरचे स्वस्तिक हा कायद्याचा प्रश्न आहे. बंदी असलेल्या संघटनांची चिन्हे वापरण्यास मनाई करणाऱ्या, जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ८६-अ मुळे निर्माते बहुधा ती जागा कोरी ठेवत आणि ते चिन्ह खेळाडू स्वतः भरत. ऑगस्ट २०१८ पासून तिथली खेळांचे वयोगट ठरवणारी संस्था असे चिन्ह चालवून घ्यायचे का याचा प्रत्येक खेळापुरता स्वतंत्र विचार करते. फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ ते १९४५ या काळात वापरलेले निळे स्वस्तिक नाझी चिन्हाहून जुने, स्वीडिश सरदार एरिक फॉन रोझेन याने भेट दिलेल्या विमानावरून आलेले. पण खबरदारीच्या कात्रीत बरेचदा तेही सापडते.

ऑनलाइन लढतीत आणखी एक मेख आहे. एखाद्याची स्किन समोरच्याच्या संगणकावर नसेल तर त्याला साधारणपणे मूळची, कारखान्यातली रंगयोजना दिसते. बर्फावर लपण्यासाठी चुन्यासारखे पांढरे केलेले सोव्हिएत 'याक-१' त्याच्या नजरेला हिरवेच पडते. म्हणून काही गट मोहिमेआधीच सगळ्यांना एकच स्किनसंच उतरवून घ्यायला लावतात.