पट्ट्याला चामडं कुठलं?

सलूनमध्ये वस्तऱ्यात अर्धं ब्लेड अडकवायची पद्धत रुळली आणि खुर्चीशेजारी लटकणारा, वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टा दिसेनासा झाला. आता घरच्या सुऱ्यांना स्वतः धार लावणारे लोक त्या पट्ट्याकडे पुन्हा वळले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: चामडं कुठलं घ्यावं, गाईचं, घोड्याचं की कांगारूचं? माझ्या मते जनावर दुय्यम आहे. पात्याखाली पट्टा किती दबतो, हे आधी पाहावं.

निसण्यावर घासलेल्या पात्याच्या कडेला पोलादाची अतिशय पातळ लव उरते. बोट धारेपासून बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवलं तर एका बाजूला ती खरखरीत लागते. ती तशीच राहिली तर सुरी पहिले दोन टोमॅटो झकास कापते आणि मग अडते, कारण लव दुमडून धारेवरच बसते. ही लव काढायला पट्टा. त्यावर पातं नेहमी मागे, म्हणजे पात्याच्या जाड पाठीच्या दिशेने ओढायचं. धार पुढे ठेवून ढकललं तर पट्टाच कापला जातो.

आता दबण्याचं. मऊ, जाड चामडं किंवा नमदा दाबाखाली खचतो आणि पातं सरकताच उसळून धारेला वळसा घालतो. दर फेरीला कड थोडी थोडी गोल होत जाते. वस्तऱ्याला हा धोका कमी, कारण त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही पट्ट्यावर टेकतात आणि कोन आपोआप सांभाळला जातो. सुरीचा कोन मात्र हातच सांभाळतो. म्हणून सुरीसाठी लटकता पट्टा नको. सपाट फळीवर चिकटवलेलं पातळ, घट्ट चामडं हवं. बाल्साचं लाकूड किंवा साधा पुठ्ठाही चालतो.

चामडं घट्ट राहतं ते कमावण्याच्या पद्धतीमुळे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं लवचीक आणि ताणलं जाणारं, तर झाडांच्या टॅनिनने कमावलेलं भरीव असतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चपलेचं चामडं या दुसऱ्या जातीचं. त्याचा सपाट तुकडा मिळाला तर परदेशी पट्टा मागवायची गरज नाही.

पण नुसतं चामडं पोलादापुढे फारच मऊ. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन यांनी धारेची चित्रं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, तेव्हा कोऱ्या चामड्याने लवेत फारसा फरक पडलेला दिसला नाही. क्रोमियम ऑक्साइड लावल्यावर मात्र ती निघाली. हिरव्या वडीच्या रूपात मिळणारी ही भुकटी कडक पोलादाहूनही कठीण असते आणि तिचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाच्या आसपास. (कमावताना वापरलेलं क्रोमियम हे काम करत नाही, ते क्षार वेगळे.)

वडी पातळच फासावी, जेमतेम हिरवी छटा येईल इतकी. सुरीच्या वजनाएवढ्याच दाबाने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दहा-बारा वेळा ओढा. हिरव्यावर काळपट रेघा उमटू लागतील; ते निघालेलं पोलाद.