बेगमी पावसाची, वादळ नोव्हेंबरात

मे सरत आला की कोकणात बेगमी सुरू होते. कौलं चाळून होतात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, सुकट डब्यात आणि आमसुलं बरणीत जातात. हेही नियोजनच, पण एकाच भविष्याचं. यांत्रिक बोटींची मासेमारी बंदीसुद्धा तशीच, १ जून ते ३१ जुलै. ‘फयान’ चक्रीवादळ आलं ११ नोव्हेंबर २००९ला, बोटी समुद्रात असताना. ‘तौक्ते’ आलं २०२१च्या मे महिन्याच्या मध्यात. दोघांनीही बंदीचं कॅलेंडर पाहिलं नव्हतं.

बेगमी जिथे संपते तिथून सिनॅरिओ प्लॅनिंग सुरू होतं. एकाच अंदाजावर विसंबायचं नाही. तीन-चार वेगवेगळी पण पटण्याजोगी भविष्यं मांडायची आणि त्या प्रत्येकात आपली संस्था तगेल का, हे आधीच तपासायचं.

या पद्धतीचं मूळ मात्र सौम्य नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या रँड या संरक्षणविषयक संशोधन संस्थेत हर्मन कान हे अभ्यासक अणुयुद्ध कसं पेटेल आणि त्यानंतर काय उरेल, याच्या कथा रचत होते. ‘सिनॅरिओ’ हा शब्दही सिनेमाच्या पटकथेतून उचललेला. फ्रान्समध्ये त्याच सुमारास गास्तों बर्जे यांनी दूरच्या भविष्याच्या अभ्यासाचा वेगळा पंथ सुरू केला.

धंद्यात ही पद्धत रुजली ती शेल या तेल कंपनीत. तिथे पिएर वॅक आणि टेड न्यूलँड यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेलाच्या भविष्याची चित्रं मांडली. पहिला प्रयत्न फसला. साहेबांनी वाचलं, माना डोलावल्या आणि कारभार होता तसाच चालू राहिला. वॅक यांनी त्यातून धडा घेतला, की नुसत्या शक्यता मोजून दाखवण्यात अर्थ नाही, निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र हललं पाहिजे. त्यासाठी ते गंगेचा दाखला देत. वर डोंगरात मुसळधार पाऊस झाला की काही दिवसांनी खाली बनारसला पूर येणार, हे भाकीत नव्हे. तो पूर आधीच वाटेला लागलेला असतो. तेल उत्पादक देश भाव वाढवणार, हेही त्यांना तसंच वाटेला लागलेलं दिसत होतं. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी पुरवठा रोखला आणि तीन डॉलरच्या आसपासचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. शेल इतरांहून लवकर सावरली.

याच्या नेमकी उलट गोष्ट गुहागर तालुक्यात घडली. दाभोळ वीज प्रकल्पाचा करार १९९३चा. राज्याची विजेची मागणी वाढतच जाणार, हा त्याचा पाया. राज्य वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी उभ्या क्षमतेचे पैसे द्यायचे, तेही डॉलरशी बांधलेले. हा प्रकल्प परवडणारा नाही, असं जागतिक बँकेने त्याच वर्षी सांगून कर्ज नाकारलं होतं. म्हणजे दुसरं चित्र टेबलावर होतं, फक्त कुणाला ते बघायचं नव्हतं. १९९९ला वीज सुरू झाली. पुढे प्रकल्पाचं इंधन, म्हणजे नाफ्था, महागलं, रुपया घसरला आणि २००१मध्ये प्रकल्प बंद पडला. माझ्या मते तिथे चूक आकड्याची कमी आणि एकाच आकड्यावर सगळं बांधण्याची जास्त होती.

कोकण रेल्वे शिकली ती ठेच लागून. जून २००३मध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ, रुळांवर आलेल्या दरडी-दगडांमुळे गाड्या घसरून माणसं गेली. त्यानंतर पावसाळ्यातले वेग उतरवले गेले. पाऊस फार असेल आणि समोरचं दिसत नसेल, तर चालकाने ताशी ४० किलोमीटरवर यायचं. त्या क्षणी कुणाला विचारत बसायचं नाही, कारण विचार आधीच झालेला असतो.

एका मच्छीमार संस्थेच्या बैठकीत मी हे सगळं फळ्यावर मांडलं होतं. वादळ मेमध्ये, वादळ नोव्हेंबरात, मासळीच नाही, डिझेल दुप्पट. चेअरमन म्हणाले, “ते सगळं ठीक, पण होणार काय ते सांगा ना.” शेलच्या साहेबांना तरी दुसरं काय हवं होतं? मागे बसलेला एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तेवढ्यात उठला. “नोव्हेंबरात निरोप आला तर बोटी फिरवू. पण भरलेल्या बर्फाचे नि डिझेलचे पैसे कोण देणार, ते आधी लिवा.”

फळ्यावर नोव्हेंबरपुढची जागा कोरीच होती.