पाढा सुरात म्हटला म्हणजे पाठ झाला?

पाढा न अडखळता म्हणता आला की गुणाकार पक्का, हा समज चुकीचा आहे. मुलाला मध्येच ‘सात आठे?’ विचारा. ते ‘सात एके सात’पासून सुरू करत असेल, तर त्याला चाल पाठ आहे, छप्पन्न नाही. म्हणून घोकंपट्टी सोडायची नाही, पण तिथेच थांबायचंही नाही. २ ते ९ या अंकांचे आपसातले गुणाकार, ७×८ आणि ८×७ एकच धरले तर, ३६च होतात; २ आणि ५ चे सोपे वगळले की उरतात २१. त्यांच्या चिठ्ठ्या करून, रोज क्रम मोडून चार-पाच विचारा. नऊ आठे अडलं तर ८० मधून ८ वजा. मग उलटं: ५६ मध्ये ७ किती वेळा? तीसपर्यंतच्या पाढ्यांची घाई कशाला?