बोसीज (न्यूयॉर्क राज्य)

बोसीज (BOCES : ‘बोर्ड्स ऑफ कोऑपरेटिव्ह एज्युकेशनल सर्व्हिसेस’चे लघुरूप) : अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात शेजारशेजारच्या शालेय जिल्ह्यांनी मिळून चालवलेली सहकारी शिक्षणसेवा मंडळे. १९४८ च्या राज्य कायद्याने ती अस्तित्वात आली. आज त्यांची संख्या ३७ आहे.

येथे ‘जिल्हा’ हा शब्द आपल्याकडच्या अर्थाने घेऊ नये. अमेरिकेतला शालेय जिल्हा एखाद्या गावाएवढाही असू शकतो. त्याचे शाळामंडळ स्थानिक लोक निवडून देतात आणि शाळांचा बराचसा खर्च घरजमिनीवरच्या करातून निघतो. असा कारभार लोकांना आपला वाटतो, पण लहान जिल्ह्यांची त्यात ओढाताण होते. कर्णबधिर मुले दोनच असतील, तर त्यांच्यासाठी पूर्णवेळ विशेष शिक्षक नेमायचा कुठून? मूठभर मुलांसाठी वेल्डिंगची कार्यशाळा बांधायची कशी? जिल्ह्यांचे विलीनीकरण हा एक मार्ग होता आणि न्यूयॉर्कने तो मोठ्या प्रमाणावर वापरलाही. मात्र गावची शाळा जाणे कोणत्याच गावाला सहज पचत नाही. बोसीजने शाळा गावात ठेवून सेवा तेवढी सामायिक केली, हे तिचे खरे मोल.

एकच शिक्षक आठवड्यात दोन-तीन जिल्ह्यांत फिरतो. वरच्या वर्गांतली मुले अर्धा दिवस आपल्या शाळेत शिकतात आणि उरलेला अर्धा दिवस बसने बोसीजच्या केंद्रात जाऊन मोटारदुरुस्ती, बांधकाम, स्वयंपाककला किंवा रुग्णसेवा शिकतात. विशेष शिक्षण, शिक्षक-प्रशिक्षण, संगणकव्यवस्था, शालेय ग्रंथालयांचे जाळे आणि एकत्रित खरेदी हीसुद्धा मंडळांची कामे.

मंडळाला कर लावण्याचा अधिकार नाही. त्याचे सदस्य घटक जिल्ह्यांची शाळामंडळे निवडतात. प्रशासकीय खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा आणि सेवेचे पैसे मात्र ती घेणाऱ्यानेच द्यायचे. प्रत्येक सेवेला राज्याच्या शिक्षण आयुक्तांची मंजुरी लागते. मान्य खर्चाचा काही भाग राज्य पुढच्या वर्षी जिल्ह्याला परत करते आणि गरीब जिल्ह्याला त्यात अधिक वाटा मिळतो. न्यूयॉर्क शहर, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्स या पाच मोठ्या शहरांच्या जिल्ह्यांना मात्र सदस्य होता येत नाही.

मंडळाचा मुख्य अधिकारी म्हणजे जिल्हा अधीक्षक. तो मंडळाचा कारभार पाहतो आणि त्याच वेळी त्या भागात शिक्षण आयुक्तांचा प्रतिनिधीही असतो. सेवा देणारा आणि राज्याच्या वतीने लक्ष ठेवणारा एकच असावा का, हा प्रश्न रास्त आहे. त्याहून नाजूक प्रश्न दिव्यांग मुलांचा. वेगळ्या केंद्रात तज्ज्ञ मदत मिळते, पण गल्लीतल्या सवंगड्यांबरोबरचा वर्ग सुटतो. १९७५ च्या संघीय कायद्याने शक्य तितके सर्वसाधारण मुलांबरोबरच शिक्षण देण्याचे तत्त्व घालून दिल्यावर, मुलांच्याच शाळेत जाऊन सेवा पुरवण्याची निकड वाढली.

भारतात कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळासंकुलाची कल्पना मांडली आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती पुन्हा पुढे आणली. शेजारच्या शाळांनी शिक्षक, प्रयोगशाळा व ग्रंथालय वाटून घ्यावे, हा विचार दोन्हीकडे सारखाच. महाराष्ट्रातल्या केंद्रशाळेच्या रचनेतही त्याची छाया दिसते. फरक पैशाच्या वाटेत आहे. आपल्याकडे निधी आणि आदेश वरून येतात. बोसीजमध्ये कोणती सेवा घ्यायची हे जिल्हा दरवर्षी ठरवतो आणि नको असलेली सेवा पुढच्या वर्षी थांबवू शकतो.