श्वास सोडताना नाडी का रेंगाळते?

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा. नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुणांमध्ये हा फरक चांगला जाणवतो, वयाबरोबर तो कमी होतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी तो १८४७ मध्ये नोंदवला होता.

हे काम व्हेगस मज्जातंतूचं. मेंदूकडून हृदयापर्यंत येणारा हा तंतू ठोक्यांना लगाम घालतो. श्वास आत जाताना लगाम सैल पडतो, बाहेर जाताना आवळला जातो. म्हणून उच्छ्वास लांबवला की जिवाला शांत वाटतं. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, की रक्तदाब सांभाळणारी यंत्रणाही त्याच तालात डोलू लागते. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांच्या गटाला २००१ मध्ये गंमतच दिसली: लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणा की 'ओम मणि पद्मे हुम्', दोन्हींत श्वास आपोआप सहावर येत होता!

संथ श्वासाचा दुसरा फायदा साध्या हिशेबाचा. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच अडकते, फुफ्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे जिथे ऑक्सिजन रक्तात शिरतो त्या बारीक पिशव्यांपर्यंत, जातच नाही. मिनिटाला २५० मिलिलिटरचे २० उथळ श्वास घेतले, तर पाच लिटरपैकी दोनच लिटर हवा कामी येते. ५०० मिलिलिटरचे १० श्वास घेतले, तर तेवढ्याच हवेतली साडेतीन लिटर.

तरीही 'दीर्घ श्वासानं भरपूर ऑक्सिजन मिळतो' हे वाक्य मला खटकतं. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य, एरवीच ऑक्सिजननं ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं. भरल्या हंड्यात आणखी किती ओतणार? उच्च रक्तदाबात नियमित सरावानं आकडा थोडा उतरू शकतो, पण त्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत. दम्याच्या पंपाचंही तेच.

जोरजोरात, भराभर श्वास घेण्याचं प्रकरण मात्र वेगळं. त्यात कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. काहींना ती व्यायाम लागू पडल्याची खूण वाटते. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो आधीच काढून टाकून पाण्याखाली पोहायला गेलेल्याला दम कोंडल्याची जाणीवच उशिरा होते, आणि तोवर ऑक्सिजन संपून पाण्यातच शुद्ध हरपू शकते.