पार्श्वभूमी: बेडकाच्या कातडीतलं पेप्टाइड आणि फ्लूचं औषध

दर दोन-तीन वर्षांनी बेडकाच्या अंगावरच्या बुळबुळीत फ्लूचं औषध सापडल्याची बातमी व्हॉट्सॲपवर फिरायला लागते, आणि दरवेळी आजच छापल्यासारखी फिरते. मुळात ती एप्रिल २०१७ ची आहे. तिरुवनंतपुरम आणि अमेरिकेतलं अटलांटा इथल्या दोन लॅबनी मिळून एका बेडकाच्या कातडीतली ३२ पेप्टाइड्स, म्हणजे प्रोटीनसारख्याच पण छोट्या साखळ्या, तपासली, त्यातली चार फ्लूच्या व्हायरसवर चालली, पण चारातली तीन आपल्याच पेशींना विषारी निघाली म्हणून बाद. उरलं एक, त्याचं नाव ठेवलं उरुमिन, केरळच्या उरुमी तलवारीवरून, तीच ती पट्ट्यासारखी लवणारी.

बेडूक मात्र नुसता केरळचा नाही हं. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा असं त्याचं नाव, आणि 'बहुविस्तारा' म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तो आपल्याकडेही सापडतो. २०१५ पर्यंत त्याला मलबारी जातीतच धरत होते, मग पुण्याच्या अभ्यासकांचा मोठा हात असलेल्या एका टीमने तो वेगळा काढला. म्हणजे दोन वर्षांत आधी नाव आणि मग जगभर बातमी, बेडकाचं नशीबच म्हणायचं.

उरुमिनची खरी गंमत अशी की ते फ्लूच्या व्हायरसवरच्या हिमॅग्लुटिनिनचा, म्हणजे पेशीला चिकटायला व्हायरस वापरतो त्या दांडा-गोळा आकाराच्या प्रोटीनचा, दांडा धरतं. वरचा गोळा सारखा बदलत राहतो, लस दरवर्षी नवी लागते ती त्याच्यामुळेच, पण दांडा फारसा बदलत नाही. नाकातून दिल्यावर मारक डोस दिलेले उंदीर त्याने वाचवले, आणि नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या एच१ या प्रकारच्या फ्लू व्हायरसवरही ते चाललं. पण फक्त एच१ वर. एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या प्रकारावर काहीच नाही, आणि ही ओळ फॉरवर्डमध्ये कधीच नसते.

शरीरातच बनणाऱ्या अशा जंतूविरोधी पेप्टाइड्सचं त्याआधीचं थोडक्यात. १९८१ ला स्वीडनमध्ये पतंगाच्या कोशातून सेक्रोपिन काढलं, १९८५ ला माणसाच्या पांढऱ्या पेशींत डिफेन्सिन सापडली, १९८७ ला अमेरिकेत कुणाच्या तरी लक्षात आलं की ऑपरेशन केलेले आफ्रिकन बेडूक घाण पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांच्या जखमा पिकत नाहीत, त्यातून मॅगेनिन. व्हायरसचा विचार तेव्हा कुणी केलाच नव्हता असं नाही. १९८६ लाच माणसाची डिफेन्सिन हर्पिस आणि इन्फ्लुएन्झावर लावून बघितली होती, हर्पिसवर छान चालली, पण त्याच मिश्रणात रक्ताचं सीरम घातलं की परिणाम दबायचा. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांचं रडगाणं त्या एका निरीक्षणात आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत चालतं, शरीरात गेलं की मीठ, प्रोटीन आणि पचवणारी एन्झाइम्स मिळून त्याला खाऊन टाकतात.

मग १९९९. मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगानान हे क्रीम डायबेटिसवाल्यांच्या पायाच्या जखमांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे गेलं आणि नापास झालं. तुलना ओफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांशी होती, निकाल जवळपास सारखे, पण औषध न घालता नुसतं क्रीम लावलेला गट नव्हता, मग जखम बरी कशाने झाली, क्रीमने की नुसत्या साफसफाईने? तो निर्णय अन्यायाचा होता असं म्हणणारे अजून आहेत. मला तो बरोबर वाटतो, कारण २०१६ ला तसा गट ठेवून नव्याने ट्रायल्स झाल्या तेव्हा क्रीम खरंच फरक दाखवू शकलं नाही.

आता खरा गुंता, म्हणजे या पेप्टाइड्सना लावतात तो 'अँटिमायक्रोबियल' हा शब्द. ऐकल्यावर वाटतं हे जंतू मारतं, विषय संपला. पण श्वसनमार्गाच्या व्हायरसच्या बाबतीत हा शब्द दोन वेगळी कामं एकाच पिशवीत कोंबतो. एक, पेप्टाइड थेट व्हायरसला चिकटतं, फोडतं किंवा पेशीत शिरू देत नाही, उरुमिन या गटातलं. दुसरं, पेप्टाइड व्हायरसला फारसं काही करतच नाही, आपल्या इम्युनिटीचा आवाज कमी-जास्त करतं. माकडांतलं एक गोल डिफेन्सिन २००९ ला सार्सच्या उंदरांना नाकातून दिलं, दिलेले सगळे जगले, न दिलेल्यांतले बहुतेक मेले, पण दिलेल्यांच्या फुफ्फुसात बदललेले दिसले ते सायटोकाइन्स, म्हणजे इम्युनिटीचे निरोप नेणारे रेणू, म्हणून संशोधकांनीच लिहिलं की काम बहुधा इम्युनिटीमार्फत होत असावं. हे गोल डिफेन्सिन माणसात का नाही? जीन आहे, पण मध्येच 'थांब' असा सिग्नल आलाय म्हणून प्रोटीन बनतच नाही.

माणसाच्या शरीरात बनणारं आपलं स्वतःचं पेप्टाइड एलएल-३७ तर दोन्हीकडे बसतं. २०११ ला फ्लूच्या उंदरांना त्याची वाफ दिली, तर ते झानामिवीर या फ्लूच्या औषधाच्या तोडीस तोड वाचले आणि फुफ्फुसातली सूजही कमी झाली. पण २००९ च्या स्वाइन फ्लूवर, ज्याने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला त्याच्यावर, पुढे तेच एलएल-३७ प्रयोगशाळेत फिकं पडलं. आणि हेच पेप्टाइड सोरायसिस या कातडीच्या आजारात आग भडकवणाऱ्यांतलं एक आहे. म्हणून बरेच लोक आता 'होस्ट डिफेन्स पेप्टाइड', म्हणजे शरीराच्या बचावातलं पेप्टाइड, म्हणतात. तो शब्द जास्त प्रामाणिक आहे, पण निधी मागायच्या अर्जावर 'अँटिमायक्रोबियल'च शोभून दिसतं.

कोविडमध्ये सगळ्यांनी जुनी कपाटं उघडली. एलएल-३७ कोविडच्या व्हायरसवरच्या स्पाइक प्रोटीनला धरतं असं दिसलं. हाँगकाँगमध्ये उंदराच्या डिफेन्सिनवरून बनवलेलं पी९ आधीच सार्स, मर्स आणि फ्लूवर तपासलेलं होतं, ते पेशीच्या आतल्या पिशवीतला आंबटपणा वाढू देत नाही म्हणून व्हायरस आतच अडकतो, त्याचीच सुधारित आवृत्ती २०२० ला आली. ब्रिलासिडिन, म्हणजे डिफेन्सिनची नक्कल करणारा छोटा रेणू, खुद्द पेप्टाइड नव्हे, हॉस्पिटलमधल्या पेशंटपर्यंत पोचला आणि २०२१ ला मुख्य कसोटीत नापास झाला.

आणि आपल्या घराघरात पोचलं ते व्हिटॅमिन डी. आमच्या शेजारच्या काकू रविवारी सकाळी साठ हजार युनिटची पुडी दुधात ढवळून घ्यायच्या आणि सांगायच्या की याने आतून पेप्टाइड वाढतं. चूक नव्हत्या, डी मिळाल्यावर माणसाच्या पेशी एलएल-३७ चं जीन जास्त चालवतात हे २००४-०५ पासून माहीत आहे. उंदरात हे बटणच नाही, त्यामुळे उंदरावर तपासून उपयोग नव्हता. २०१७ ला २५ ट्रायल्सची बेरीज करून सर्दी-खोकल्यासारख्या श्वसनमार्गाच्या संसर्गांत थोडा फायदा दिसला, जास्त करून ज्यांच्यात डी फारच कमी होतं आणि जे रोज किंवा आठवड्याला घेत होते त्यांच्यात. पण २०२२ ला ब्रिटनमध्ये सहा हजारांवर लोकांत डी तपासून गोळ्या देण्याची पद्धत वापरून बघितली, तेव्हा ना कोविड कमी झाला ना सर्दी-खोकला. काकूंना मी हे सांगितलं, त्या म्हणाल्या गुडघे तरी बरे आहेत ना.